पाच हजारांच्या अलीकडे-पलीकडे

चोरीच्या फिर्यादीत वस्तूच्या वर्णनानंतर एक ओळ ठरलेली असते : 'एक काळ्या रंगाचा जुना वापरता मोबाईल, किंमत अंदाजे पाच हजार रुपये.' हा आकडा बहुतेक वेळा गोल असतो. फिर्यादी आणि ठाणे अंमलदार यांच्यात तो दोन मिनिटांत ठरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'इतक्या रुपयांचा मुद्देमाल लंपास' एवढ्यापुरता कामाला येतो. दीडशेहून अधिक वर्षं हे असंच चाललं. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ ला चोरीच्या मालाच्या किमतीशी काही देणंघेणं नव्हतं. केळं चोरा नाहीतर कार चोरा, शिक्षा तीच : तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्या गोल आकड्याला एकदम वजन आलं.

नव्या संहितेच्या कलम ३०३(२) ला एक परंतुक आहे. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला कैद नाही. त्याने सामुदायिक सेवा करायची. ही झाली शिक्षेची बाजू, आणि तिच्यावर लिहून-बोलून बरंच झालं आहे. खरी मेख भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वकिलांखेरीज सहसा कोणी न उघडणाऱ्या त्या लांबलचक तक्त्यात. तिथे पाच हजारांखालची साधी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र केली आहे; पाच हजार आणि त्यावरची दखलपात्र आणि अजामीनपात्र. वरच्या फिर्यादीत 'पाच हजार' लिहिलं तर एफआयआर, 'चार हजार नऊशे' लिहिलं तर एनसी.

एनसी म्हणजे काय हे भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे पोलिसांनी वहीत नोंद घ्यायची, फिर्यादीला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगायचं आणि त्यांच्या आदेशाशिवाय तपासाला हात लावायचा नाही. अशा नोंदींचा अहवाल दर पंधरा दिवसांनी दंडाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे, अशी भर नव्या कायद्याने घातली आहे. भर चांगली आहे, पण पंधरा दिवसांत रस्त्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं गेलेलं असतं आणि फोन दोन हात फिरून सुटा झालेला असतो. फिर्यादीने स्वतःच पाठपुरावा करायचा म्हटला तर अर्ज, वकील, तारीख. यंत्रमागावरची मजुरी मीटरवर मिळते. पाळी बुडली की त्या दिवसाचे मीटर शून्य. चार हजारांच्या फोनपायी दोन-तीन पाळ्या कोण घालवील?

म्हणून दोघांच्याही सोयीची एक वाट निघते : चोरी न लिहिता 'गहाळ' लिहायचं. गहाळच्या दाखल्यावर नवं सिम मिळतं, 'संचार साथी'वर फोनचा आयएमईआय बंद करता येतो, आणि पुढेमागे कोणी त्यात दुसरं सिम घातलं तर फोन परतही मिळू शकतो. फिर्यादी खूश, ठाण्याची आकडेवारी खूश. चोर तर दोघांहून खूश, कारण कागदोपत्री चोरी झालेलीच नसते. हा रिवाज २०२४ च्या आधीपासूनचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. चोरी किमतीचा विचार न करता दखलपात्र होती तेव्हाही प्रत्येक पाकीटमारीचा एफआयआर होत होता असं नाही. फरक इतकाच की तेव्हा नकार देणाऱ्या अंमलदाराकडे कायदा नव्हता, आता आहे.

पुढच्या प्रकरणांचा विषय हाच : चोरी 'गंभीर' केव्हापासून मानायची, ती रेघ रुपयांत ओढावी का, आणि ओढलीच तर कोणी, कुठे. हा प्रश्न दिल्लीत बसूनही लिहिता येतो. भिवंडी निवडली, कारण चोरीच्या कायद्याची जवळजवळ सगळी कलमं इथे दहा किलोमीटरच्या आत रोज कामाला लागतात. शहरात काही लाख यंत्रमाग, त्यांच्यावर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार. शहराबाहेर राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे, मानकोली, वळ अशा गावांच्या शेतजमिनीवर उभी राहिलेली गोदामं. मध्ये भंगाराची दुकानं. आणि या सगळ्यावरून गेलेल्या विजेच्या तारा.

गोदामांपासून सुरुवात करतो, कारण तिथे पाच हजारांची रेघ नाहीच. गोदामं इथे आली ती बरीचशी मुंबईच्या जकातीमुळे. माल शहराच्या हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हा जुना हिशोब. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं राहिली, उलट वाढली; ऑनलाइन खरेदीचा माल आता तिथूनच निघतो. न्याय संहितेचं कलम ३०५ माणसं राहतात त्या आणि माल राखण्यासाठी वापरतात त्या इमारतीतल्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद सांगतं. मालवाहू किंवा प्रवासी वाहनातून माल चोरला तरी तेच. कलम ३०६ नोकराने मालकाच्या ताब्यातला माल चोरला तर तितकीच शिक्षा सांगतं. दोन्ही दखलपात्र, दोन्ही अजामीनपात्र, आणि दोन्हींत किमतीचा उल्लेख नाही. पाच हजारांची सवलत फक्त ३०३(२) च्या साध्या चोरीला आहे.

याचा अर्थ प्रत्यक्ष पाहा. मंडईच्या गर्दीत कोणी एखाद्याच्या खिशातून साडेचार हजारांचा फोन मारला, तर पोलीस आपणहून तपास करू शकत नाहीत, आणि पुढे गुन्हा सिद्ध झालाच तर आरोपी झाडू मारून सुटू शकतो. त्याच दिवशी एका गोदामात खोकी उतरवणाऱ्या पोराने फुटलेल्या खोक्यातला दोनशे रुपयांचा शांपू खिशात घातला आणि गेटवर झडतीत सापडला, तर तो सात वर्षांच्या कलमात, अजामीनपात्र. झडती घेणारा पहारेकरी, सुपरवायझर, सीसीटीव्ही, गेटपास, चलन, जीएसटीचं बिल : गोदामाकडे पुराव्याची सगळी सामग्री हजर असते आणि मालाची किंमत छापील असते. मंडईतल्या माणसाकडे यातलं काही नाही. ज्याला पोलिसांची गरज जास्त, त्याच्यासाठी दार अर्धं लावलेलं. ज्याच्याकडे स्वतःची पोलीसगिरी आहे, त्याच्यासाठी सताड उघडं.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८३ ने वीस हजारांपर्यंतच्या चोरीचे खटले संक्षिप्त पद्धतीने चालवणं बंधनकारक केलं आहे, आणि त्यात ३०५ व ३०६ ही कलमंही येतात. संक्षिप्त खटल्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. म्हणजे शांपूवाल्या पोराला सात वर्षं प्रत्यक्षात कोणी देणार नाही. पण अशा पोराची खरी शिक्षा निकालाच्या आधीच भोगून झालेली असते : अटक, जामीनदार न मिळणं, ठेकेदाराने नाव कापणं. निकालातली सवलत त्याच्यापर्यंत उशिरा पोचते.

कारखान्याचं तर आणखी वेगळं. यंत्रमागाचा कारखाना ही 'माल राखण्यासाठी वापरलेली इमारत' म्हणायची का? तिथे सुताचे कोन रचलेले असतात, विणलेले तागे पडलेले असतात, आणि पुष्कळ ठिकाणी कामगार तिथेच किंवा वरच्या माळ्यावर झोपतात. राखण्याची इमारत मानली नाही, तर राहण्याची मानता येईल. तिथेच काम करणाऱ्याने सूत नेलं तर बहुधा ३०६, शेजारच्या कारखान्यातल्याने नेलं तर ३०५ की ३०३ यावर वाद. दोन कोन सुताच्या चोरीत आरोपीला कोठडी मिळणार की नोटीस, हे त्या कोनांच्या किमतीपेक्षा छपराखाली कोण झोपतं यावर ठरावं, ही रचना कोणी विचार करून केली असेल असं वाटत नाही. ती साचत आलेली आहे.

आता थोडं मागे. मालाच्या किमतीवरून चोरीचे वर्ग पाडायची रीत इंग्लंडात १२७५ च्या कायद्यापासून दिसते. बारा पेन्सच्या वरची ती मोठी चोरी, आणि मोठ्या चोरीला फाशी. शतकं गेली, पेनी स्वस्त झाली, रेघ हलली नाही. बारा पेन्स ही किंमत हास्यास्पद झाली तरी त्याखाली माणूस लटकत राहिला. पुढे १७१३ मध्ये राहत्या घरातल्या चाळीस शिलिंगांच्या चोरीला फाशी लागू झाली, आणि मग लंडनच्या ज्युरींनी सरळ खोटं बोलायला सुरुवात केली. पाचपट, दहापट किमतीचा माल समोर दिसत असताना ते शांतपणे 'एकोणचाळीस शिलिंग' असा निवाडा द्यायचे. मोठ्या-छोट्या चोरीचा हा भेद १८२७ मध्ये रद्द झाला. आपली दंड संहिता त्यानंतरची, म्हणून तिच्यात चोरीला किमतीची पायरी आली नाही. अगदीच क्षुल्लक गोष्टींसाठी तिने वेगळी सोय केली. दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवला तर ती व्याख्येने चोरीच ठरते, ही अडचण मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यावरच्या टिपांत आहे, आणि त्यातून आलेलं कलम ९५ आता न्याय संहितेत कलम ३३ म्हणून आहे : शहाण्या माणसाने तक्रार करू नये इतकं किरकोळ नुकसान हा गुन्हा नाही.

मात्र त्याच दंड संहितेने नासधुशीच्या गुन्ह्याला, कलम ४२७ मध्ये, पन्नास रुपयांची पायरी ठेवली होती. त्या काळी कंपनीच्या शिपायाला महिना सात रुपये पगार. पन्नास रुपये म्हणजे त्याची सात महिन्यांची कमाई. ही पायरी १८६० पासून २०२४ पर्यंत जागची हलली नाही. शेवटी शेवटी दोन-तीन वडापावांच्या किमतीचं नुकसान दोन वर्षांच्या कैदेच्या कलमात बसत होतं. नव्या संहितेने ती वीस हजार आणि एक लाख अशी वाढवली. संक्षिप्त खटल्यांची मर्यादा दोनशे रुपयांवरून २००५ च्या दुरुस्तीने दोन हजार आणि आता वीस हजार झाली. आकडे बघा : दर वेळी मागे एक शून्य लावलं, झालं. का लावलं, कशाच्या आधारावर, याचा हिशोब कुठे मांडलेला दिसत नाही. पाच हजारांचंही तेच. अमेरिकेत हा खेळ राज्याराज्यांत निराळा चालतो. कॅलिफोर्नियात ९५० डॉलर, टेक्सासात २,५०० डॉलर, आणि दर निवडणुकीत त्यावर भांडण. निदान तिथे भांडण तरी होतं.

रुपयांऐवजी दुसऱ्या कशाने रेघ ओढता येते का? येते, आणि त्याचं उदाहरण भिवंडीच्या प्रत्येक गल्लीत आहे. २६ जानेवारी २००७ ला इथली वीज वितरणाची जबाबदारी महावितरणकडून टोरेंट पॉवरकडे गेली; देशातला फ्रँचायझीचा हा पहिला प्रयोग. त्याआधी इथे दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे हाती येत नव्हते. त्यात गळती, थकबाकी आणि चोरी सगळंच आलं. वीजचोरीचा कायदा, म्हणजे २००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५, किती रुपयांची वीज चोरली असं आधी विचारतच नाही. तो विचारतो, किती भार ओढलात. दहा किलोवॉटपर्यंत असेल तर पहिल्या खेपेला फायद्याच्या निदान तिप्पट दंड, दुसऱ्या खेपेला सहापट. दहा किलोवॉटच्या वर असेल तर दुसऱ्या खेपेला सहा महिने कैद चुकत नाही. साध्या मागाची मोटर एक अश्वशक्तीची धरली तर दहा किलोवॉटच्या आत तेरा माग बसतात. घरच्या माणसांना घेऊन चार-सहा माग चालवणारा अलीकडे, चोवीस-अठ्ठेचाळीस मागांचा मालक पलीकडे.

ही रेघ मला कौतुकाची वाटते. टोरेंटच्या येण्यावरून भिवंडीत झालेले मोर्चे आणि बिलांवरचे वाद माहीत असूनही वाटते. महागाई वाढली म्हणून किलोवॉट लहान होत नाही. चोरणाऱ्याची ऐपत त्यात आपोआप मोजली जाते, आणि दंड फायद्याच्या पटीत असल्याने तोही शिळा होत नाही. फोनला, सुताला, सायकलला किलोवॉट नाही हे खरं. पण पाच हजारांऐवजी अमुक इतक्या दिवसांचं किमान वेतन असं म्हणायला काय हरकत होती? किमान वेतनाबरोबरचा विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा बदलतो. त्याच्याशी बांधलेला आकडा कोणी न हलवता हलला असता.

आकड्यापेक्षा मोठी चूक मात्र दुसरी आहे, आणि या पुस्तकाचं मुख्य म्हणणं तेच. एकाच आकड्याला दोन कामं दिली आहेत. चोराला किती दयेने वागवायचं हे एक काम, आणि ज्याची चोरी झाली त्याच्यासाठी पोलिसांनी उठायचं की नाही हे दुसरं. पहिलं चोराकडे बघून ठरायला हवं : पहिलीच वेळ आहे का, धाक घातला का, कुलूप तोडलं का, पोटासाठी केलं का. दुसरं ज्याचं गेलं त्याच्याकडे बघून ठरायला हवं. कामगाराच्या फोनमध्ये त्याचं बँकेचं खातं असतं, गावी पैसे पाठवायचं साधन असतं, आधारचा ओटीपी असतो. त्या फोनची बाजारातली किंमत आणि त्याचं नुकसान यांचा मेळ बसत नाही. लहान चोरी जामीनपात्र करा, तिची शिक्षा सेवेत बदला, या दोन्ही गोष्टी योग्यच. पण त्यासाठी तपास काढून घेण्याची गरज नव्हती. जामीनपात्र आणि तरीही दखलपात्र असे गुन्हे त्याच अनुसूचीत कितीतरी आहेत. आणि दया दाखवायचीच तर ती ३०५-३०६ मधल्या दोनशे रुपयांच्या चोरालाही का नाही?

दयेच्या अटीही तपासून घ्याव्यात अशा आहेत. वस्तू किंवा किंमत परत केली तरच सेवा. ज्याने चोरून विकून खाल्लं, त्याच्याकडे परत करायला काय असणार? 'पहिल्यांदाच दोषी' हीसुद्धा दिसायला साधी अट. पण ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ मध्ये कागदावर मुक्त केलं, त्यांच्या वस्तीत चोरीनंतर पोलीस आधी जातात, हे महाराष्ट्राला नवं नाही. लवकर कबूल होऊन सुटणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांची पहिली वेळ लवकर संपते. सेवा किती तासांची, याचा उल्लेख संहितेत नाही. काम समाजाच्या उपयोगाचं असावं आणि त्याला मोबदला नसावा, एवढंच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २३ सांगतं. तास ठरवणं दंडाधिकाऱ्यावर सोडलेलं बरं की वाईट, यावर पुढे एक प्रकरण आहे आणि त्यात माझं मत डळमळीत आहे.

वाचकाने दोन गाठी सुरुवातीपासून ध्यानात ठेवाव्यात. पहिली बेरजेची. एका संध्याकाळी एकाच चोराने बाजारात सहा जणांचे फोन मारले, प्रत्येक चार-साडेचार हजारांचा. बेरीज पंचवीस हजारांच्या आसपास, पण एनसी सहा. अपहाराच्या आरोपात ठरावीक मुदतीतल्या रकमा एकत्र धरायची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३५ मध्ये आहे; चोरीसाठी ती नाही. कलम १७४ म्हणतं की एका प्रकरणातल्या अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र. म्हणजे सहांपैकी एकाचा फोन पाच हजारांचा निघाला आणि सहा जणांची तक्रार एकत्र लिहिली गेली, तर बाकीच्या पाचांचं नशीब उघडण्याचा मार्ग आहे. पण सहा अनोळखी माणसं एकाच वेळी एकाच टेबलापुढे कशी येणार?

दुसरी गाठ भंगाराच्या दुकानातली. चोरीचा माल माहीत असून घेणं हा न्याय संहितेच्या कलम ३१७(२) चा गुन्हा : तीन वर्षं, दखलपात्र, अजामीनपात्र, किमतीची अट नाही. कारखान्याबाहेर ठेवलेली तीन हजारांची जुनी मोटर कोणी उचलली आणि तांब्यासाठी विकली, तर उचलणाऱ्याविरुद्ध एनसी आणि घेणाऱ्याविरुद्ध एफआयआर. चोरापेक्षा चोरीचा माल पचवणारा धंदा मोडणं महत्त्वाचं, असं ठरवून हे केलं असेल तर त्यात शहाणपण आहे. पण मग पोलिसांना घेणाऱ्यापर्यंत पोचायचं असतं ते चोराच्या मागावरून, आणि चोराच्या मागावर जायला त्यांना आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत मोटरीतलं तांबं वितळलेलं असतं, आणि वितळलेल्या तांब्यावरून मोटर कोणाची होती हे सांगणारा पंच भिवंडीत मिळत नाही.